धारगळचा सोफेवाला

धारगळला हमरस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली सोफे मांडून बसणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारावं अशी त्याची लायकीच मला वाटली नव्हती. गणपतीच्या चवथीआधी तो टेंपो घेऊन घरोघर फिरायचा आणि जुन्या लाकडी सामानाच्या बदल्यात नवा सोफा द्यायचा. आमच्याकडे आला तेव्हा त्याने वडिलांची फणसाच्या लाकडाची खुर्ची उलटी केली, सांध्यांवर बोटं वाजवली, वास घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, “जुनाट.” पाहुण्यांपुढे ती मांडायची आम्हा शहाण्यांना लाजच वाटायची. देऊन टाकली.

पुढच्या चवथीआधीच भुसा दाबून केलेला तो सोफा दमटपणाने फुगला आणि मधोमध बसला. मी भांडायला गेलो. समोर चकचकीत सोफ्यांची रांग रिकामी, आणि हा आमच्याच खुर्चीत रेलून चहा पितोय.

“मग ह्या जुनाट खुर्चीत कशाला बसतोस?” मी खेकसलो.

“सोफे विकूक आसत,” खुर्चीच्या हातावर तळवा फिरवत तो म्हणाला, “ही बसूक.”

आणि त्याने माझ्याकडे प्लास्टिकचं स्टूल सरकवलं. लाकडाची पारख होती त्याला, माणसांचीही. मी त्या स्टुलावर बसलो.