तंबूवाल्याने बांधलेलं शीड

भिंगारच्या शमशेर तंबूवाल्याने आयुष्यात विहिरीपेक्षा जास्त पाणी जवळून पाहिलं नव्हतं, आणि विहिरीत डोकावतानाही तो काठाला धरून असे. तरी १९४४ सालच्या फेब्रुवारीत तो भंडारदऱ्याच्या धरणावर एका होडीची डोलकाठी उपटायला गेला. तेही कुणी बोलावलेलं नसताना.

छावणीच्या तंबूखान्यात त्याचं नाव पटावर होतं. त्याच्या बापाचंही होतं. लढाईमुळे साखर, रॉकेल, कोळसा सगळ्याचीच टंचाई होती, तंबू मात्र कितीही शिवले तरी कमीच. तंबूखान्याचा मेजर रजेवर भंडारदऱ्याला जाई. तिथे त्याने शिडाची एक होडी ठेवली होती. जानेवारीत तिचं मोठं शीड वरच्या कोपऱ्याला फाटलं आणि गाठोडं होऊन शमशेरच्या पुढ्यात आलं. त्याने ठिगळ दिलं. तेवढ्यावर थांबायचं, तर त्याच्या लक्षात आलं की डोलकाठीकडची कड सरळ कापलेलीच नाही; ती कमानीसारखी बाहेर आली आहे आणि त्यामुळे कापड मध्ये सैल पडतंय. तंबूचं कापड असं सैल राहिलं, तर पावसाचं पाणी त्यात साचतं आणि पहाटे सुभेदाराच्या अंगावर येतं. कुणा विलायती शिंप्याचा हात चळला असणार, असं समजून शमशेरने ती कड ओळंब्यासारखी सरळ करून दिली. कुणी न सांगता.

पंधरा दिवसांत भंडारदऱ्याहून मेजरचा शेरा आला. होडी चिखलातल्या गाडीसारखी चालते, शीड ठिगळापाशीच पुन्हा फाटलं, काम कच्चं, महिनाअखेर नाव पटावरून कमी करावं. कारकुनाने तो वाचून दाखवला, आणि साहेबाचा राग रजेपुरता असतो, तेव्हा सलाम करून गप्प राहावं, असा सल्लाही दिला. शमशेरला नाव जाण्यापेक्षा ते 'काम कच्चं' जास्त झोंबलं. जाऊन काय सांगणार, असं बायकोने, रोशनबीने, विचारलं. सांगणार काही नाही, बघणार, असं तो म्हणाला.

भिंगारच्या तंबूवाल्यांची एक रीत होती. ज्याने तंबू शिवला, त्यानेच तो पहिल्यांदा उभा करायचा, मगच हवाली करायचा. लढाईच्या घाईत ती मोडली होती. घोळ तिथेच झाला, असं शमशेरने ठरवलं. सुया, दोरा, मेण, पान्हा, करवत आणि कानस पिशवीत घालून तो कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसला. ही मोटार चढ आला की उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावी. राजूरपासून पुढे तो आपणहून चालत गेला.

मेजर बंगल्याच्या व्हरांड्यात होता. त्याने शमशेरला आधी ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर आनंदही दाखवला नाही. शीड मी शिवलंय, तेव्हा उतरवणार मी आणि चढवणारही मी, नाव मग काढा, असं शमशेरने हिंदुस्थानीत सांगितलं. मेजरने नुसता हात हलवला. त्याचा अर्थ 'चालता हो' असाही होऊ शकत होता. शमशेरने तो 'हो' असा घेतला.

होडीची राखण जवळच्या वाडीतला कारभारी नावाचा गडी करी. त्याने दोर सैल करून शीड खाली घेतलं. ते डोलकाठीभोवतीच्या नऊ कड्यांना बांधलेलं होतं. कारभारी एकेक गाठ सोडी आणि ती कशी होती, ते शमशेर बोटांनी चाचपून ठेवी. मधेच होडी हलली, तेव्हा त्याने कारभारीचं मुंडासं धरलं. दोघांनीही पुढे तो विषय काढला नाही. मग त्यांनी डोलकाठी खोबणीतून उचलली आणि काठावर आडवी केली.

टोकाला लोखंडी पट्टी होती आणि तिच्यात दोराची कप्पी. पट्टीच्या बोल्टाचं टोक शिडाच्या बाजूला बोटभर बाहेर आलेलं होतं. ते घासून चकचकीत झालं होतं आणि त्याच्या आट्यांत पांढरे धागे अडकले होते. शमशेरने ठिगळ तपासलं. एक टाका हलला नव्हता. नवं भोक ठिगळाच्या वर चार बोटांवर होतं.

"पट्टी कुणी बसवली?"

"साहेबानं. दिवाळीला रंग द्याया काढली हुती. हातात पुस्तक धरून बसवली. म्या म्हन्लं, उलटी हाय. तर म्हनलं, चूप."

"मग?"

"मग चूप."

एवढ्यावर कारभारी थांबला असता, तर शमशेरला बरं वाटलं असतं. पण त्याने शिडाची सरळ केलेली कड उचलून धरली. "आन ह्ये तुमचं. शिडाला पोट लागतं, मिस्त्री. वारा धरायचा कशात? तुमी पार उपाशी मारलं त्याला."

शमशेरने कड त्याच्या हातातून घेतली. मग त्याने स्वतःची शिवण, जी त्याच्या मते त्या शिडातली सगळ्यात देखणी होती, उसवायला घेतली. दोन दिवस होडीच्या शेडात बसून जुन्या सुयांच्या भोकांचा माग काढत त्याने कमान परत आणली. कारभारीकडची नागलीची भाकरी खाल्ली. पट्टी फिरवली, बोल्टाचं टोक कापून कानस मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी डोलकाठी उभी राहिली, नऊ गाठी बसल्या आणि शीड सरसर वर गेलं. वारा बेताचाच होता, पण तेवढ्यातही शीड पोट काढून उभं राहिलं.

मेजर खाली आला. शमशेरने कापलेलं टोक धाग्यांसकट त्याच्या तळहातावर ठेवलं.

"कपडा सीधा किया, वो गलती मेरी, साब. फाडा आपके बोल्टने."

मेजरने टोकाकडे, मग पट्टीकडे, मग कारभारीकडे पाहिलं. कारभारी धरणाच्या भिंतीचं निरीक्षण करत होता. ठीक आहे, नाव राहू दे, असं म्हणून मेजरने मोठ्या मनाने होडीकडे पाय उचलला. नाव राहील, पण शेऱ्याचं काय, तो लेखी मागे घ्या, असं शमशेर म्हणाला. लिहिलं ते लिहिलं, आता वारा आहे, असं मेजर म्हणाला.

शमशेरने दोर सोडला. शीड खाली आलं. तो पहिल्या कडीची गाठ सोडू लागला. हे काय चाललंय, असं मेजरने विचारलं.

"मेरा काम कच्चा है, साब. कच्चा काम वापस ले जाता हूँ."

चौथ्या गाठीला मेजर ओरडला. पाचव्या गाठीला त्याने कोठडीची भाषा केली. सहाव्या गाठीला रजेचे किती दिवस उरलेत, ते त्याला आठवलं असावं. सातव्या गाठीला त्याने बंगल्यावरून कागद मागवला.

शमशेरला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून कागदावर लिहिलेलं त्याने मेजरलाच हिंदुस्थानीत दोनदा वाचायला लावलं, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन. दोन्ही वेळा मजकूर तोच निघाला: शिवण पक्की, फाटलं ते बोल्टाने. कड सरळ केल्याची गोष्ट मेजरने सौजन्याने वगळली होती. शमशेरने तीही घालायला लावली. मग सही झाल्यावर त्याने कागद बंडीत ठेवला आणि सातही गाठी पुन्हा बांधल्या. सावकाश बांधल्या, कारण आता घाई मेजरला होती.