वस्तरा आणि गेटवरचा फळा

हसणार नसाल तरच सांगतो. अजून डोकं तापलेलंच आहे माझं!

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. हेल्मेट घाल, गॉगल लाव, म्हणून दिवसभर लोकांच्या मागे लागायचं, हेच माझं काम. त्याच सवयीने शेजारच्या सरावली गावातल्या न्हाव्याला बोललो, "वस्तरा असा धरतात का?" तर तो म्हणतो कसा, "साब, फिर आप ही कर लो ना!"

मला! घेतला मग वस्तरा. आणि आपलं काम पद्धतशीर. नियम लिहून आरशाशेजारी चिकटवले. आधी गरम टॉवेल, कातडी ताणून धरायची, पातं तिरकं, आडवं कधीच ओढायचं नाही. तीन दिवस ओरखडा नाही हो! चौथ्या दिवशी हनुवटीपाशी आलो. म्हटलं, पाचवा नियम काय होता बरं? वाचायला मान वळवली आणि सर्रकन कापलं.

पाचवा नियम होता, 'नजर आरशावरून हलवू नये.'

बरं, दिवस कुठला? आमच्या गेटवर फळा आहे, 'विनाअपघात दिवस'. त्यावर नेमके त्याच दिवशी ३६५ लागणार होते, आणि वर्ष पूर्ण झालं म्हणून प्रत्येक कामगाराला प्रेशर कुकर!

गेटवर जानूकाका, आमचे वॉचमन, तारापूरच्या कोळीवाड्यातले. नुकतेच ३६५ लिहून खडू झटकत होते. माझी पट्टी बघून म्हणाले, "सायेब, काय लागला?"

आता सेफ्टी ऑफिसरने दाढी करताना कापून घेतलं, हे सांगायचं? तोंडातून निघून गेलं, "काही नाही हो, काल जाताना आपल्या गेटचा पत्रा लागला."

काकांनी शांतपणे ३६५ पुसले आणि शून्य काढलं!

"अहो, हे काय करताय?"

"तुमीच नियम केलाय ना? कंपनीत जरा खरचटला तरी शून्य. पत्रा कंपनीचाच हाय."

दहा मिनिटांत बातमी कँटीनपर्यंत. "साब को टाँके पड़े!" वेल्डर गेट कापायला हजर. मॅनेजरचा फोन, ॲम्ब्युलन्स पाठवू का? आणि समोर सगळी शिफ्ट उभी. एक जण तर रडवेला, "साहेब, बायकोनं जुना कुकर कालच भंगारात घातला हो!"

काय करणार? ओरडलो, "पत्रा नाही! वस्तरा! घरी! दाढी करताना!"

मग जे हसले, जे हसले! काकांनी ३६५ परत लिहिले, कुकर वाटले. कुणी माझे आभार मानावेत? नावच नको!

दुसऱ्या दिवशी फळ्याखाली नवी ओळ : 'सायबांची दाढी, विनाअपघात दिवस – १'.

"काका, पुसा ते!"

"खोटा हाय काय त्यात?"

तेव्हापासून काका रोज आधी माझी हनुवटी बघतात, मग खडू उचलतात. चिडू नको तर काय करू?

पण खरा संताप कशाचा येतो, सांगू? महिना झाला, तो आकडा अजून तीनच्या वर गेलेला नाही.