महोदय आणि एक्केचाळीस तबकड्या

गल्लीत त्यांना सगळे 'महोदय' म्हणायचे. रोज संध्याकाळी पाचला त्यांच्या खिडकीतून एका पुरुषाचा संथ आवाज यायचा. "महोदय, आपल्या दिनांक चारच्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, दोनशे लोखंडी खुर्च्या..." शॉर्टहँड शिकणाऱ्यांच्या सरावासाठी कुणीतरी काढलेली जुनी रेकॉर्ड होती ती. समोरच्या शाळेतल्या पोरांना ते पत्र पाठ झालं होतं. महोदय रस्त्याने निघाले की हमखास कुणीतरी ओरडायचं, "काका, खुर्च्या आल्या का?"

ते न थांबता म्हणायचे, "वाटेत आहेत."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दुकानात. जुनी पुस्तकं आणि जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या दुकानात मी काम करते. साहित्यात एम. ए. केल्यावर जे काम मिळालं ते हे. फंक आणि सोल हा माझा कोपरा. नाचायला लावणारी गाणी आणि रडायला लावणारी गाणी, पुष्कळदा दोन्ही एकाच तबकडीवर. छोट्या छोट्या कंपन्यांनी ती दोन-चारशे प्रतींत काढली. कंपन्या बुडाल्या. गाणीही गेली. आता लोक ती शोधतात. मी लोकांच्या माळ्यांवरची खोकी उपसते. सापडलेली रेकॉर्ड धुते, सुकवते, संगणकावर उतरवते आणि तिच्यातली खरखर एकेक करून काढून टाकते. या कामात माझा हात बसला आहे. तसा माझा समज होता.

महोदय महिन्यातून एकदा यायचे. एकच विचारायचे. "शॉर्टहँडची आली का?"

आमचे मालक म्हणायचे, "काका, या वयात कुणाच्या ऑफिसात लागणार?"

"तुमच्याच. तुमचं अक्षर तुम्हालाही लागत नाही. मी टाइप करून देईन."

एकदा ती आली. त्यांनी तबकडी खोळीतून काढली, लेबलाकडे पाहिलंही नाही. खिशातून भिंग काढलं. तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि हळूहळू फिरवत राहिले. एका जागी थांबले.

"आहे," ते म्हणाले. गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसं.

पैसे दिले, रेकॉर्ड छातीशी धरली आणि गेले. भिंग काउंटरवर राहिलं. ते द्यायला मी त्यांच्या घरी गेले.

दार त्यांच्या धाकट्या बहिणीने उघडलं. तोंडात टाचण्या, गळ्यात मापाची पट्टी. कपडे उसवून पुन्हा शिवून देण्याचं काम त्या घरीच करतात. मी त्यांना पुढे आत्या म्हणायला लागले. टाचण्या काढून त्या म्हणाल्या, "गाणी शोधणारी ती तू का? मग चुकीच्या घरी आलीस. आमच्या दादाकडे एकच गाणं आहे आणि त्यात खुर्च्या आहेत."

खोलीत एक रेकॉर्ड प्लेयर, एक खुर्ची, एक फळी. फळीवर रेकॉर्डी नीट उभ्या लावलेल्या. मी अधाशासारखी पुढे झाले. पहिली शॉर्टहँडची. दुसरी शॉर्टहँडची. तिसरीही. मी शेवटपर्यंत पाहत गेले. एक्केचाळीस. सगळ्या त्याच.

"वेड लागलंय असं वाटतंय ना?" महोदय म्हणाले.

"वाटतंय काय," आत्या आतून म्हणाल्या.

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि एक तबकडी उजेडात धरली. "इथे बघ. काळ्यात."

काळ्या प्लॅस्टिकमध्ये मोहरीएवढा एक पिवळा ठिपका होता.

"कागद आहे तो," ते म्हणाले. "आमच्या हिच्या रेकॉर्डचा."

बाकीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. मी जात राहिले. चहा व्हायचा. पाच वाजता पत्र वाजायचं. कधी थोडं सांगायचे, कधी आत्या मधेच पूर्ण करायच्या. जुळवलं ते असं.

रेकॉर्डी छापणाऱ्या कारखान्यात ते कामाला होते. बायकोही तिथेच. तिचं काम ऐकण्याचं. तयार मालातली मधली मधली रेकॉर्ड लावून ती दोष पकडायची. ऐकता ऐकता गायची. गळा असा की गरम प्रेसवरची माणसं हात थांबवायची आणि मुकादम शिव्या द्यायचा. एका छोट्या वाद्यवृंदाच्या म्होरक्याने तिला ऐकलं. आठ गाण्यांची एक रेकॉर्ड निघाली. पिवळं लेबल, त्यावर तिचं नाव.

"कशी होती गाणी?" मी विचारलं.

"गाण्यातलं मला काय कळतंय? ऐकताना माझा पाय हलायचा आणि घसा दुखायचा. एकदम."

सोल म्हणजे काय हे मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना दहा वाक्यांत सांगते. त्या दिवसापासून मला ती दहा वाक्यं बोलवत नाहीत.

रेकॉर्ड चालली नाही. न खपलेला माल पोत्यांतून कारखान्यात परत यायचा. पंच मशीनवर त्याचं मधलं कागदी लेबल छाटायचं. उरलेलं काळं चक्कीत घालून त्याचा भुगा करायचा. तो भुगा वितळवून त्यातून दुसरी रेकॉर्ड छापायची. एके सकाळी पोती उघडली तर आत पिवळी लेबलं. चक्कीवर महोदय होते. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मुकादम मागे उभा.

"तिचं नाव छाटायचं होतं, पोरी. मी दुसरीकडे बघत छाटत गेलो. पंच सरकत होता. कागद तसाच राहिला आणि भुग्यात गेला."

"एकसुद्धा बाजूला नाही काढलीत?"

"घरी होती की एक. कपाटात. तिची."

संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं. ती पोळपाट पुसत होती. म्हणाली, "कपाटातली मी सोमवारी रेडिओवरच्या निवेदक साहेबांना दिली. लावतो म्हणालेत."

ते निवेदकाकडे तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब कामात होते. दुसऱ्यांदा रेकॉर्ड सापडत नव्हती. तिसऱ्यांदा साहेबांची बदली झाली होती.

"काकू रागावल्या?"

"रागावली असती तर सुटलो असतो."

आत्यांनी शिवणयंत्र थांबवलं. "वहिनीने तोंडातून ब्र काढला नाही. बोलायची, हसायची, माझी टिंगल करायची. फक्त भांडी घासताना तिचा सूर यायचा, तो बंद झाला. आमच्या लक्षात यायला महिना लागला. मग तेवीस वर्षं नुसत्या नळाचा आवाज."

तेवीस वर्षांनी ती गेली.

त्या भुग्यातून नंतर काय छापलं गेलं हे महोदयांना पक्कं ठाऊक होतं. छापताना तेच उभे होते. ती शॉर्टहँडची रेकॉर्ड. त्यातल्या कागदामुळे सुई अडखळायची, टिक टिक वाजायची. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या. बायको गेल्यावर त्यांनी त्या रेकॉर्डी शोधायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी पत्र वाजत होतं. 'दोनशे लोखंडी' झालं आणि टिक असा आवाज आला. महोदयांनी बोट वर केलं. "ही."

मी प्लेयरजवळ सरकले.

"मला तिचा चेहरा दिसतो," ते म्हणाले. "आवाज गेलाय. पाच-सहा वर्षं झाली. खूप आठवलं तर हा खुर्च्यावालाच बोलायला लागतो. एकदा ऐकायला मिळाला पाहिजे. बस्."

मी म्हटलं, "मी शोधते."

"शोध," आत्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या कानामागची ही कटकट तरी जाईल."

दोन वर्षं शोधलं. संग्राहकांना पत्रं लिहिली. कुणी नावही ऐकलेलं नव्हतं. मग मागच्या महिन्यात एका बुधवारी दुकानात खोकी आली. एका म्हाताऱ्या रेडिओ निवेदकाचं घर त्याच्या मुलाने रिकामं केलं होतं. चौथ्या खोक्याच्या तळाशी, बाहेरचं कव्हर नसलेली, बुरशी धरलेली एक तबकडी. पिवळं लेबल. त्यावर बॉलपेनने, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: 'ऐकून झाल्यावर परत करावी, ही विनंती.' खाली पत्ता. महोदयांचा.

मी तिथेच जमिनीवर बसले. मग फोन लावला.

"काका, सापडली. काकूंचीच. कपाटातली."

मग म्हणाले, "आवाज येतो?"

"अजून लावली नाही. बुरशी आहे. धुते, सुकवते, नीट उतरवून घेते. खरखर काढून टाकते. रविवारी घेऊन येते."

"आज नाही आणता येणार?"

"अशी लावली तर नुसता कचरा ऐकू येईल, काका."

"कचऱ्याची मला सवय आहे."

"नाही. इतकी वर्षं थांबलात, आता स्वच्छ ऐका."

ते हसले. "बरं. रविवार. किती वाजता?"

"पाचला."

"पाचलाच ये," ते म्हणाले.

तबकडी मी बुधवारीच धुतली. गुरुवारी सकाळी ती सुकली होती. दुपारी उतरवून घेतली. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी नेता आली असती. त्यांचं घर दुकानापासून चालत वीस मिनिटांवर आहे. पण खरखर होती. मी गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवार आणि शनिवारची सकाळ कानाला हेडफोन लावून एकेक टिक पुसत बसले. तिसऱ्या गाण्यात ती एक सूर इतका वेळ धरते की तिच्या श्वासाखालची बारीक चरचर काढायला मला चार तास लागले. मी खूश होते. शनिवारी दुपारी बारा वाजता काम संपलं.

साडेबाराला आत्यांचा फोन आला. "दादा गेला गं." दाढी करून खुर्चीत बसले होते. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा गेलेले होते.

रविवारी पाचला मी गेले. दुसरं काय करायचं ते कळलं नाही. माणसं येऊन गेली होती. प्लेयरवरची धूळ पुसलेली होती. त्याच्या समोर दोन खुर्च्या होत्या. दुसरी नवी होती, लोखंडी.

"परवा घेऊन आला," आत्या म्हणाल्या. "पोरगी उभी राहून ऐकणार का, म्हणाला. गल्लीतली पोरं मागे लागली, खुर्च्या आल्या, खुर्च्या आल्या. हा म्हणतो, एकच आली रे, एकशे नव्व्याण्णव राहिल्या."

फळी रिकामी होती.

माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली. "गुरुवारी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. सगळ्या. मी म्हटलं, अरे एखादी ठेव. तर म्हणे, आता कशाला, खरी येतेय. पोरगी धुतेय तिला." पट्टी गळ्यातून काढून त्यांनी हाताला गुंडाळली. "गुरुवार, शुक्रवार, घरात आवाज म्हणून नाही. पाच वाजायचे आणि दादा नुसता बसायचा. मला वाटलं, चला, सुटले त्या पत्रातून."

मी म्हटलं, "आत्या, ती गुरुवारीच सुकली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं. ओरडायला हवं होतं.

"लाव," त्या म्हणाल्या.

माझ्या पिशवीत दोन्ही होतं, साफ केलेली कॉपी आणि तबकडी. मी तबकडी काढली. नव्या खुर्चीवर बसवेना, म्हणून उभीच राहिले. सुई ठेवली.

धुऊनही कडेला बुरशी राहिली होती. खर्र. टिक. टिक. त्या खोलीत इतकी वर्षं या आवाजामागून एकच गोष्ट आली होती. आम्ही दोघी तिची वाट पाहत होतो. आत्या पुटपुटल्यासुद्धा, "महोदय..."

बेस गिटार सुरू झाली. मग ती आली. तरुण, बेफिकीर, शब्द उच्चारायच्या आधी किंचित हसणारी बाई.

आत्यांचा चेहरा उजळला. त्या वळल्या आणि आतल्या खोलीकडे बघून मोठ्यांदा हाक मारली, "दादा! अरे ये लवकर, लागली बघ!"

मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

गाणं चालू राहिलं. त्याला थांबवायचं कुणी, हे आम्हाला ठरवता आलं नाही. पहिली बाजू संपली आणि सुई आतल्या कडेला खरखरत फिरत राहिली. दुसरी बाजू आम्ही अजून लावलेली नाही.

तबकडी तिथेच ठेवून आले. पत्ता तिथलाच होता.