आमच्या नावावरचं सिलिंडर

पहिल्या बाळंतपणाला मी मोताळ्याला आईकडे आले आणि त्याच थंडीत गॅसची टंचाई पडली. हॉटेलवाल्यांच्या मोठ्या सिलिंडरचा भाव चढला, पुढे पुढे तर ते मिळेनासंच झालं. घरगुती सिलिंडरचा भाव मात्र सरकारनं बांधून दिलेला. आधी घरांना, मग धंद्याला, असा हुकूमही होता. एक सिलिंडर मिळालं की ठरावीक दिवस दुसऱ्याचा नंबर लागत नसे. सिलिंडर घेताना मोबाइलवर आलेला आकडा गाडीवाल्याला सांगायचा, तेव्हा कुठे नोंद व्हायची. कागदावर सगळे नियम आमच्या बाजूचे. सरकारला एकदाची बाईमाणसाची आठवण झाली, असं मी आईला म्हणालेसुद्धा.

आईकडे सिलिंडर एकच. वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, आणि चूल नको, पाण्याचा हीटर नको, असं घरमालकानं आधीच बजावलेलं. गॅसगाडीवाला आईला मावशी म्हणायचा. आमच्या पायरीवर बसून त्यानं आईच्या हातची भाकर कितीदा खाल्ली असेल. बाळ बघायला आला तेव्हा तोच म्हणाला होता, "बाळंतीण घरात हाये मावशी, तुमचं सिलिंडर पयले."

सिलिंडर संपलं त्या सकाळी त्याचा फोन आला. "मावशी, आकडा आताच सांगून ठेवा. लय मारामारी चालू हाये, तुमचं कोणी पळवलं नाही पाह्यजे. दुपारी आणून देतो."

आईला बारीक अक्षर दिसत नाही. बाळाला पाजता पाजता मीच आकडा वाचून दाखवला. बँकेच्या नावानं फोन आला तर काही सांगू नकोस, असं आईला दहादा बजावणारी मी! पण त्याच्याबद्दल माझ्या मनात पालसुद्धा चुकचुकली नाही.

दुपार गेली, दुसरा दिवस गेला. तो फोन उचलेना. बाळापुरतं पाणी घरमालकीण तापवून देत होती, पण मग तीही स्वतःचं सिलिंडर हलवून अंदाज घ्यायला लागली. तिसऱ्या दिवशी आई एजन्सीत गेली. खिडकीतला माणूस म्हणाला, तुम्हाला सिलिंडर मिळालंय, आकडा तुम्हीच दिलाय, आता पुढचा नंबर ठरलेल्या दिवसांनी.

त्याच संध्याकाळी समोरच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी त्याची गाडी दिसली. घरगुती, लाल सिलिंडरं उतरत होती. त्यानं वर पाहिलं. गॅलरीत आम्ही दोघी, माझ्या हातात बाळ. त्यानं आमच्याकडे पाठ केली आणि उरलेली उतरवायला लागला. मला आधी रडू आलं, मग राग. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. अनोळखी माणसानं लुबाडलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. ह्यानं माझं बाळ मांडीवर घेतलं होतं.

मी म्हटलं, तहसीलमध्ये तक्रार करू.

"तक्रार होईन तवा होईन," आई म्हणाली. "पोरीचं आंग उद्या सकाळी धुवा लागते."

सकाळी तिनं रिकामी बादली घेतली, रस्ता ओलांडला आणि गिऱ्हाईक बसलेलं असताना हॉटेलच्या शेगडीपुढे ठेवली. मला वर गॅलरीत ऐकू आलं. "माह्या गॅसवर तापलेलं पाणी दे. माह्या नातीले आंघोळ घालाची हाये."

मालकानं मुकाट्यानं बादली भरली. चार दिवस रोज असंच. गिऱ्हाइकांत कुजबुज सुरू झाली.

पाचव्या दिवशी गाडीवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन जिना चढून आला. "मावशी, चुकी झाली. हे ठेवा, आन् तो बादलीचा तमाशा बंद करा."

"कोणाच्या नावाचं हाये हे?" आईनं विचारलं.

त्यानं सिलिंडर दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आता कोणती मावशी फसवली बे?"

त्यानं मान वर केली नाही. आई ते परत न्यायला सांगणार, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. बाळाचं नाक दोन दिवस वाहत होतं. मी म्हणाले, "आई, ठेवून घे."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाली. सिलिंडर आत ठेवून तो गेला. रेग्युलेटर मीच लावला, पाणीही मीच ठेवलं. त्यानं आमचं सिलिंडर विकलं त्याचा राग आहेच. पण जाता जाता त्यानं मलाही स्वतःच्या पंगतीला बसवलं, ते मी त्याला कधी माफ करणार नाही. पाणी तापल्यावर आईनं पाय पसरून बाळाला न्हाऊ घातलं. माझ्याशी ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.