नवसीचं रडणं

दांडीच्या जमनाला नवसीचा हेवा वाटायचा. आणि कशाचा, तर नवसीच्या रडण्याचा! आता बोला.

झालं होतं असं. दोघींच्या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या मांडण्या, किनाऱ्यावर शेजारी शेजारी. एका सकाळी नवसीची वलांडी रिकामी दिसली. तिने मागचापुढचा विचार केला नाही, जमनालाच चोर ठरवलं. भर किनाऱ्यावर तिची पाटी उपडी केली, तिला पदर झटकायला लावला. अख्खं गाव बघत होतं. मागाहून कळलं, दव पडेल म्हणून नवसीच्या सासूनेच बोंबील काढून माळ्यावर टाकले होते. चोरच नव्हता, तरी संन्याशाला फाशी झाली!

पंच बसले. नवसी सगळ्यांसमोर जमनाच्या पाया पडली, हमसून हमसून रडली. बायांनी तिला जवळ घेतलं, पाणी पाजलं, चूक कबूल करायला छाती लागते म्हणाल्या. मग रीतीप्रमाणे नारळ फुटला. जमनाने नवसीला खोबरं भरवलं की माफी झाली. भरवायचं की नाही, हे जमनाला कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासून नवसीचं कौतुक काय सांगावं! आणि जमना? बाजारात कुणी मागे येऊन उभं राहिलं तरी तिचा पदर आपोआप झटकला जायचा. बाया हसायच्या. जमनाचा नुसता जळफळाट व्हायचा. करून सवरून ही मेली मोकळी, अन् आपण तिथेच पाटीपाशी उभ्या!

मग गावातल्या कुशलच्या लग्नाची हळद आली. नवसी हळद लावायला जमनाच्या गालाजवळ हात नेते, तोच जमनाने तोंड फिरवलं.

"मी माफ नाय केलंय."

नवसीचे डोळे लगेच भरले. बाया तिच्याकडे सरकल्या.

"आज हिनं रडायचं नाय," जमना म्हणाली. "आज माजं ऐकायचं. माजी तेजल त्या गर्दीत होती. आईची झडती बगून पोर मान खाली घालून घरी गेली. आपण कुणाची, ते कुणाला कळू नये म्हणून."

नवसीने रडू गिळलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग बाया उठून जमनापाशी आल्या, एकीने तिची पाठ चोळली. नवसी हळदीचा हात तसाच धरून एकटी बसून राहिली. ते बघून जमनाला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.