हरवलेल्या पासपोर्टचा चोर

आता माझ्या हुशारीचं काय कौतुक सांगू? त्या हुशारीपायी मी सख्ख्या नातवाच्या बारशाला मुकलो. ऐकाच.

लेक दुबईला. बारशाची तिकिटं काढलेली आणि माझा पासपोर्ट गायब. मी सिल्वासातला सरकारी हेडक्लार्क. आमची सवय अशी, की आधी लेखी द्यायचं, मग शोधायचं. तडक पोलीस ठाणं गाठलं.

हवालदार म्हणाला, "साहेब, घरमां बराबर जोयुं ने?"

"घरात बघतो नंतर. तुम्ही लिहून घ्या."

त्यानं घेतलं. "सापडला तो तरत येऊन सांगा हां."

आठ दिवसांनी पासपोर्ट मिळाला. कुठे? कुकरच्या गॅरंटी कार्डाच्या पिशवीत. मीच जपून ठेवलेला.

बायको म्हणाली, "अहो, ठाण्यात सांगून या."

"कशाला? पडला असेल तो कागद कुठल्यातरी गठ्ठ्यात. आमच्याकडे टोकरखाड्याचा अर्ज शेजारच्या आमलीला पोचायला महिना लागतो!"

अनुभवाचे बोल होते हो. तीस वर्षांचा अनुभव!

विमानतळावर पासपोर्ट तपासणीतून बायको पुढे सुटली. माझा पासपोर्ट मशीनवर ठेवून काउंटरवरची मुलगी थबकली.

"काका, हा पासपोर्ट हरवलाय."

"छे, हा काय तुमच्या हातात."

"तेच विचारतेय. हरवलेला पासपोर्ट तुमच्याकडे कसा?"

"माझाच आहे. मीच हरवला होता."

"तक्रार कुणी केली?"

"मीच."

"सापडल्याचं कळवलंत?"

मी गठ्ठ्याचं सांगून पाहिलं. तिनं शांतपणे समजावलं. अशी तक्रार नुसती ठाण्यात राहत नाही, देशोदेशीच्या पोलिसांच्या सामायिक यादीत चढते. चोरीचे आणि हरवलेले पासपोर्ट वापरून गुन्हेगार फिरतात, म्हणून ही सोय. "मी सोडलं तरी दुबईवाले उतरल्याबरोबर अडवतील, काका."

म्हणजे मी निघायच्या आधी माझा अर्ज दुबईत हजर.

पलीकडे थांबलेल्या बायकोनं वाद घातला नाही. माझ्या हातातली डिंकाच्या लाडवांची पिशवी घेतली, "घराची चावी शेजारी ठेवलीय" म्हणाली आणि गेली. फार वाईट वाटलं. नातवाला अजून मांडीवरही घेतलं नव्हतं.

बारसं मी टोकरखाड्याच्या घरी फोनवर पाहिलं. पाळण्याभोवती पाहुण्या बायका जमलेल्या. एकीनं विचारलं, "आजोबा नाही आले?"

बायको म्हणाली, "त्यांचा पासपोर्ट चोरीला गेलेला."

"अगं बाई. मग चोर सापडला का?"

"सापडला ना," बायको लाडू वाटता वाटता म्हणाली, "विमानतळावरच धरला. आता घरी सोडलाय, तो बघा फोनवर."