वरच्या मजल्यावरचे जोखीमतज्ज्ञ

दोन माणसं एकमेकांना निरोप पाठवू लागली की काय काय आक्रीत घडू शकतं, हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतकं जपानातल्या या अख्ख्या कावासाकी शहरात कुणालाही ठाऊक नव्हतं! आम्ही एकाच कंपनीत. चित्रं काढून एकमेकांना दाखवायचं आमचं ॲप इंग्लंडात न्यायचं ठरलं, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे त्यावर कोणकोणते बेकायदा प्रकार होऊ शकतील याची लेखी पाहणी आधी करणं भाग होतं. ते काम यांच्याकडे आलं आणि माणूस नुसता मोहरला. शक्यता किती, नुकसान किती, शेरा काय: कमी, मध्यम, की जास्त? फसवणुकीचा नवा प्रकार सुचला की कोन्बिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या, रांगेतसुद्धा लॉटरी लागल्यासारखे सांगत सुटायचे. मराठी मंडळाच्या ग्रुपवर माझ्या बायकोने जुनी विळी देऊ केली, तर पाच मिनिटांत यांचा निरोप, की ही पात्याची वस्तू आहे, घेणाऱ्याचं वय विचारलंत का? घेणाऱ्या आजी नातवाला सांभाळायला साताऱ्याहून आलेल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी वय कळवलंही.

आमच्या कंपनीत बैठकीआधीच एकेकाच्या टेबलाशी जाऊन होकार मिळवायचा असतो. बैठकीत फक्त माना डोलवायच्या. हे सगळीकडे फिरले, पण एका कलमावर अडले. ॲपवर कुणीही अनोळखी मोठा माणूस लहान मुलांना थेट निरोप पाठवू शकत होता. यांनी ‘जास्त’ लिहिलं. विभागप्रमुखांना ‘मध्यम’ हवं होतं, कारण ‘जास्त’ म्हटलं की ती सोय काढावी लागणार आणि तारीख पुढे जाणार. यांचा करार मार्चमध्ये संपत होता आणि वाढवणं त्याच प्रमुखांच्या हातात. मीही म्हटलं, लिहून टाका मध्यम, नंतर बघू.

बैठकीत माना डोलायला लागल्या आणि हे उभे राहिले! कान लालबुंद, जपानी अडखळत होतं.

"मी अकरा वर्षांची मुलगी म्हणून खातं उघडलं. संध्याकाळपर्यंत तीन मोठ्या माणसांनी फोटो मागितला. मी मध्यम लिहिणार नाही."

टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मी खाली बघत राहिलो. शेरा ‘जास्त’च राहिला, सोय बंद झाली आणि मार्चमध्ये ते सहकुटुंब पुण्याला परतले.

माझी मुलगी आता त्याच ॲपवर मांजरांची चित्रं टाकते. मैत्रिणींखेरीज कुणाचाही निरोप तिला येत नाही. हे त्यांना फोन करून सांगावं असं फार वाटतं. नंबर काढतो, आणि त्या दिवशी आपण गप्प बसलो होतो हे आठवून फोन खाली ठेवतो.